सत्तावीसशे सोळा नंबरची वाघीण

साहेब म्हणायचा वॅगन. आता हा शब्द आमच्या लोकांच्या तोंडात बसायचा कसा? कळव्याच्या मिठागरातला आगरी, जुन्नरकडून घाट उतरून आलेला कुणबी, मोहन्याचा कातकरी, सगळ्यांनी तो चावून चावून आपलासा केला आणि त्याची झाली वाघीण. कोळशाची वाघीण, मिठाची वाघीण, गुरांची वाघीण. कल्याणच्या यार्डात दिवसभर हाच घोष. "ती मागची वाघीण सोड!" "दोन वाघिणी पुढं घे रे!" नवखा पाहुणा ऐकेल तर धोतर सावरून पळत सुटेल. हसा, खुशाल हसा. यार्डातली माणसंही आधी हसलीच होती. पण या एका शब्दापायी एका माणसाचं मरण चोरीला गेलं, आणि ते परत आणता आणता धाकू केणे कसा झिजला, ते ऐकलंत की हसू आपोआप जाईल.

धाकू कळव्याचा. मिठागरात जन्मला असं त्याची आई सांगायची, आणि ते खोटं नसावं, कारण त्याच्या टाचांच्या भेगांत मीठ कायमचं जाऊन बसलं होतं. पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. बाकीचे लोक इंजिनाला नारळ फोडत होते आणि हा वेडा मागचे डबे मोजत होता. मोठेपणी मीठ भरायला कल्याणच्या यार्डात आला, तो तिथेच राहिला. पुढं त्याला काम मिळालं नंबर घ्यायचं.

हे काम काय, ते सांगतो. कंपनीच्या हजारो वाघिणी, कोणती कुठं भटकते आहे ते कंपनीला कळावं कसं? म्हणून प्रत्येक मोठ्या ठेसनावर एक नंबरवाला. मालगाडी आली की त्यानं पाटी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक वाघिणीच्या अंगावरचा आकडा उतरवायचा. उन्हात, धुळीत, एकामागून एक, साठ-साठ आकडे. धाकूला ना मोडी येत होती ना बालबोध, इंग्रजीचं तर नावच नको. पण दहा आकडे त्यानं चित्रासारखे पाठ केले होते. दोन म्हणजे बगळा, सात म्हणजे विळा, एक म्हणजे काठी आणि सहा म्हणजे मडकं. बस्स. एवढ्यावर गड्यानं अकरा वर्षं काढली आणि एक आकडा चुकवला नाही.

नुसता आकडाच कशाला, त्याला वाघिणी तोंडानंच ओळखू यायच्या. कोणत्या कारखान्यात घडली, कोणत्या साली आली, हे चाकामागच्या लोखंडी पाटीवरून सांगायचा. जुन्यांना टक्कर घ्यायला पुढं-मागं नुसते लाकडी ओंडके असत. नव्यांना स्प्रिंगची लोखंडी तबकं. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे ब्रेकची. जुन्या वाघिणीला ब्रेकचा दांडा एकाच कुशीला असे. माणूस चुकीच्या बाजूला उभा असला आणि वाघीण सुटली, की त्यानं एक तर मधल्या फटीतून पलीकडं घुसायचं, नाही तर नुसतं बघत राहायचं. आग लागो असल्या कारागिरीला! विलायतेत बसून चित्र काढणाऱ्याला काय ठाऊक, कल्याणात दांडा कोण ओढतो ते.

सत्तावीसशे सोळा ही त्या जुन्यांपैकी. दरवाजाची साखळी अडकवायच्या कडीला यार्डातले लोक कान म्हणत. हिचा डावा कान तुटलेला. डाव्या कुशीला गंजाचा चट्टा. आणि ब्रेकची खीळ इतकी झिजलेली, की दांडा खाली ओढून खिळीत अडकवला तरी थोड्या वेळानं आपोआप निसटायचा. धाकूनं दोनदा तिची तक्रार सांगितली होती. पण ते दुष्काळाचं साल होतं. देशावर पाऊस गेला होता, माणसं पाला खात होती, आणि मुंबईच्या बंदरात उतरलेलं धान्य कल्याणवरून रोज घाट चढत होतं. वाघिणी पुरत नव्हत्या. लंगडी, लुळी, जी दिसेल ती गाडीला जोडायचं काम चाललं होतं.

माघातली सकाळ. रघु कडीवाला कामावर होता. दोन वाघिणींच्या मधे उभं राहून साखळीच्या कड्या अडकवायच्या, हे त्याचं काम. रघु जुन्नरकडचा, धाकूच्या शेजारच्या झोपडीत राहायचा, भावासारखा. त्यानं सत्तावीसशे सोळाचा दांडा स्वतः ओढला, खीळ घातली, हात झाडले आणि पुढच्या वाघिणीशी पाठमोरा जाऊन उभा राहिला. धाकू पाटी घेऊन तीस-चाळीस पावलांवर होता, आणि होता चुकीच्या कुशीला. त्यानं दांडा निसटलेला पाहिला नाही. वाघीण हलली ते मात्र पाहिलं. भरलेली, चाकांना ताजं वंगण, उताराला लागलेली, आवाज म्हणून नाही. "रघ्याऽऽ!" एवढं ओरडेपर्यंत लाकडी ओंडका रघूच्या छातीपर्यंत पोचला होता.

रघु कण्हलासुद्धा नाही. धाकूनं पळत जाऊन त्याला धरलं तेव्हा तो उभाच होता, दोन्हीकडून दाबलेला, डोळे उघडे. धाकू तिथंच लहान पोरासारखा रडला. तासाभरात मयत हलवलं, ओंडक्यावर पाणी मारलं, आणि दुपारच्या गाडीला जोडून सत्तावीसशे सोळा घाटाकडं निघूनही गेली. धान्य खोळंबलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी चावडीवर जबानी. तोवर रघूची राख झाली होती, त्यामुळं पाहायला काही उरलं नव्हतं, नुसतं ऐकून लिहायचं होतं. लिहिणारा कारकून देशावरचा, कल्याणात येऊन पुरते पंधरा दिवस झालेला. मनानं वाईट नव्हता हो, पण यार्डात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. शिवाय आदल्याच आठवड्यात मलंगगडाच्या पायथ्याला एका लाकूडतोड्याला वाघानं ओढून नेल्याचा कागद त्याच्याच हातून गेला होता. तेच त्याच्या डोक्यात.

"कशानं मेला?" कारकुनानं विचारलं.

"वाघिनीनं घेतला त्याला," धाकू म्हणाला.

"तू पाहिलंस?"

"या डोल्यांनी. उतारावरनं आली. आवाज नाय, काय नाय. रघु पाठमोरा व्हता. छातीशी धरला नि दाबला."

"अरे देवा! एकटीच होती?"

"एकटीच. बाकीच्यांतनं सुटलेली."

"मग गेली कुठं?"

"घाटाकडं गेली, रावसाहेब. आता वर पोचली असंल."

"पुन्हा दिसली तर ओळखशील?"

"हजारांत ओलखीन. डावा कान तुटलेला हाय, डाव्या कुशीला चट्टा हाय. नंबर सत्तावीसशे सोला."

कारकुनानं लेखणी थांबवली. वाघिणीला नंबर कुठला असायला? त्यानं धाकूच्या दंडावरच्या कंपनीच्या पितळी बिल्ल्याकडं पाहिलं, हा याचाच नंबर असं मनाशी ठरवलं, आणि धाकूच्या नावापुढं लिहिलं: कंपनीचा नोकर, नंबर २७१६. बिल्ल्यावरचा आकडा पुरता झिजलेला होता, तो कोण वाचतंय! मग विचारलं, "निशाणी?" लिहिता न येणाऱ्यानं सहीऐवजी काही तरी चिन्ह द्यायचं. शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी. धाकूनं आयुष्यात नांगर धरला नव्हता, पण कारकुनानं परस्पर नांगर काढून टाकला आणि धाकूनं मान डोलावली. त्याला वाटलं, काम झालं. आता ती वाघीण निघणार.

तो कागद वरच्या कचेरीत गेला. तिथं तर्जुमा करणाऱ्यानं त्याचं इंग्रजी केलं: एका नरभक्षक वाघिणीनं रेल्वेच्या माणसाला मारलं. आणि फाल्गुनात एक गोरा शिकारी दोन बंदुका, चार हाकारे आणि एक तंबू घेऊन कल्याणात उतरला. यार्डात येऊन धाकूला विचारतो, "टुमची वाघीण किढर?" धाकूनं समोर हात केला; सत्तर वाघिणी ओळीनं उभ्या होत्या. हमाल पोट धरधरून हसले. शिकारी रागानं लाल होऊन मलंगच्या रानाकडं निघून गेला, आणि आठव्या दिवशी बैलगाडीत एक मेलेली वाघीण घालून घेऊन आला. बिचारीची हाडं निघाली होती, दात किडले होते. योगायोग असा, की बंदुकीच्या छर्ऱ्यानं तिचा एक कान फाटला होता. झालं! ओळख पटली. कागदावर लिहिलं गेलं: नरभक्षक वाघीण ठार, प्रकरण बंद.

बैलगाडी बघायला अख्खं कल्याण लोटलं. रघूची बायको शेवंती कपाळ पुसलेली, हात मोकळे, गर्दीच्या मागं उभी होती. लोक तिला पुढं ढकलत होते, "बघ बाई, हिनं खाल्ला तुझा नवरा." शेवंतीनं त्या मेलेल्या जनावराकडं पाहिलं आणि धाकूकडं वळून म्हणाली, "भावजी, हिनं काय केलंय हो? हिला कशापायी मारली?" धाकूला वाटलं, धरणी फाटावी आणि आपण आत जावं. शब्द त्याचाच होता ना.

तो तडक चावडीवर गेला आणि कारकुनाला सगळा घोळ सांगितला. कारकुनाचा चेहरा पांढराफटक पडला. "लेका, वाघीण म्हणजे डबा, हे तेव्हा नाही का सांगायचंस?"

"मना काय ठावं, तुमाला ठावं नाय म्हून!"

"आता मी वर काय लिहू? वाघीण नव्हतीच? साहेबानं तिच्यावर पाय ठेवून तसबीर काढून घेतली आहे! माझी नोकरी जाईल रे बाबा. हात जोडतो, जा तू." खरंच हात जोडले त्यानं. धाकूला त्याची चीडही आली आणि कीवही.

म्हणजे बघा, मारणारी मेली असं कागद म्हणत होता, आणि मारणारी मजेत घाट चढत-उतरत होती. आता रघूच्या जागेवर आला मारुती. मारुती म्हणजे शेवंतीचा सख्खा भाऊ, दोन लेकरांचा बाप. गावात दाणा नाही, म्हणून बायकापोरांसकट बहिणीच्या झोपडीत आलेला. ज्या फटीत मेव्हणा चिरडला, त्याच फटीत हा उभा राहू लागला. पर्याय काय होता? शेवंती रोज संध्याकाळी धाकूच्या दारात यायची. एकच प्रश्न. "आली का हो ती?"

"नाय वयनी."

"भावजी, माझा एकच भाऊ उरलाय. ती आली तर तिला मारुतीपाशी जाऊ देऊ नका. शपथ आहे तुम्हाला."

"नाय जाऊ देनार," धाकू म्हणायचा. बोलून तर बसला. त्या दिवसापासून प्रत्येक गाडीच्या प्रत्येक वाघिणीचा डावा कान तो आधी बघायचा आणि आकडा नंतर लिहायचा. त्याची बायको बायजा सांगायची, झोपेतसुद्धा पुटपुटतो, बगळा, विळा, काठी, मडकं.

वैशाखात ती आली. अंगावर ताजं डांबर, गंजाचा चट्टा गायब, आणि आकडा होता २७७६. कुठल्या तरी कारखान्यात रंगाऱ्यानं पुसट झालेल्या काठीचा विळा करून टाकला होता. दुसरा कोणी असता तर फसला असता. धाकूनं तुटका कान पाहिला आणि हातातली पाटी खाली ठेवली. त्यानं खिशातला खडू काढला आणि तिच्या कुशीवर ही मोठी फुली मारली. फुली म्हणजे गाडी आजारी, बाजूच्या रुळावर घ्यायची. ती मारायचा हक्क फक्त तपासनीस साहेबाचा. चाकांवर हातोडी ठोकत फिरायचा म्हणून त्याला सगळे हातोडीसाहेब म्हणत. तो धावत आला.

"धाकू! पागल हुआ?"

"साहेब, ही तीच. रघूला मारलेली."

"वो सत्तावीसशे सोला था. ये देखो, सत्तावीसशे छिहत्तर."

धाकू खाली वाकला, चाकामागच्या लोखंडी पाटीवरचं डांबर खिळ्यानं खरवडू लागला. नखं फुटली, तरी खरवडत राहिला. ओतीव लोखंडाला कोणी रंगारी फसवू शकत नाही. डांबराखालून बगळा आला, विळा आला, काठी आली, मडकं आलं. हातोडीसाहेब उकिडवा बसून बघत राहिला. तो काही हरामखोर नव्हता. त्यानंही रघूला पाहिलं होतं. त्यानं दांडा ओढून पाहिला. नेमका तेव्हा दांडा घट्ट बसला! असतं एकेकाचं नशीब.

"ब्रेक तो बराबर है," साहेब हळू आवाजात म्हणाला. "धान की गाडी है. रोकने को कागज मंगता. इस गाडी ने आदमी मारा, ऐसा कागज है तुम्हारे पास?"

"हाय ना! चावडीवर हाय."

"उसमें क्या लिखा है?"

काय लिहिलं होतं? वाघीण लिहिलं होतं. साहेबानं फडक्यानं फुली पुसली आणि तो मान खाली घालून निघून गेला.

वाघीण चौथ्या रुळावर, गाडीच्या शेपटीला जोडायला आणली. कडीवाला कोण? मारुती. धाकू पळत सुटला. "मारुत्या, आत जाऊ नको! ही तीच हाय!" पण मारुती आत गेलेला होता, आणि इंजिनाच्या वाफेच्या फुसफुसाटात त्याला काही ऐकू गेलं नाही. दांडा खिळीतून निसटला. या वेळी धाकूनं तो निसटताना पाहिला, आणि या वेळीही तो चुकीच्या कुशीलाच होता. ओरडून काय होतं ते त्यानं माघात पाहिलं होतं. म्हणून तो ओरडला नाही. रुळाशेजारी पडलेला लाकडी गुटका उचलून त्यानं झेप घेतली आणि फिरणाऱ्या चाकाखाली घातला. गुटका बसला. चाक त्यावर चढलं, कचकचलं, थांबलं. मारुतीच्या पाठीत आणि ओंडक्यात वीतभर अंतर राहिलं. पण गुटका सोडून हात काढून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा धाकूला मिळाला नाही.

दवाखान्यात उजवा हात कोपराखाली कापला. तिसऱ्या दिवशी तोच कारकून जबानी घ्यायला आला. खाटेशेजारी बायजा पदर तोंडात कोंबून बसलेली, पायाशी शेवंती आणि मारुती. कारकुनानं विचारलं, "कशानं झालं?" आणि विचारल्याबरोबर त्याचा त्यालाच घाम फुटला.

"रावसाहेब, लिवा. पन तो शबुद लिवू नका," धाकू म्हणाला. "लोखंडी चाकाची, लाकडाची, कंपनीची मालगाडी लिवा. तिनंच रघूला मारला, तिनंच माजा हात घेतला. नंबर सत्तावीसशे सोला. लिवलं? आता वाचून दाखवा."

कारकुनानं वाचलं.

"परत एकदा वाचा," शेवंती म्हणाली.

त्यानं परत वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं. हातोडीसाहेबानं तेवढ्यात एक भलं केलं. हात तुटल्याचं निमित्त करून सत्तावीसशे सोळा त्यानं आजारी रुळावर लोटली. "एक महिना रोकूंगा," तो म्हणाला. "महिने में ऊपर से कागज नहीं आया तो छोडना पडेगा." इकडं यार्डबाबूनं, म्हणजे यार्डाचा सगळा पत्रव्यवहार बघणाऱ्या मोठ्या कारकुनानं, धाकूसाठी शब्द टाकला. टिटवाळ्याच्या बाजूला फाटकवाल्याची जागा रिकामी होती. निशाण काय, डाव्या हातानंही दाखवता येतं. राहायला पक्की चौकी. बायजानं किती तरी दिवसांनी नीट जेवण केलं.

तिसाव्या दिवशी कागद आला. वर बसलेल्या कोणी तरी दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून, घाईघाईत निकाल लावला होता. यार्डबाबूनं धाकू, बायजा, शेवंती, हातोडीसाहेब, सगळ्यांना कचेरीत बोलावून तो वाचला आणि चष्मा काढून पुसला. मग पुन्हा वाचला.

"काय म्हनते ते, बाबू?" धाकूनं विचारलं.

"म्हणतात, नंबर सत्तावीसशे सोळा निकामी आहे. ताबडतोब कामावरून काढून टाकणे." बाबू अडखळला. "पण काढावा की काढावी, ते कळत नाही. इंग्रजीत बाई-बाप्या काही नसतं रे. आणि जुन्या कागदात सत्तावीसशे सोळा तुझ्या नावापुढं लिहिलंय. ती गाडी असेल, नाही तर तू असशील. मी आपल्या मनानं एक धरलं आणि चुकलो, तर माझी नोकरी जाईल."

कारकुनाची माघातली ती एक रेघ आता फिरून समोर आली होती.

"मी असं करतो," बाबू म्हणाला. त्याला धाकूची खरंच काळजी होती. "वर लिहून विचारतो, माणूस की गाडी. उत्तर यायला पावसाळा उलटेल. तोवर तू सोमवारी फाटकावर हजर हो. एकदा चिकटलास की कोणी हलवत नाही."

"आनि ती?"

बाबूनं हातोडीसाहेबाकडं पाहिलं. साहेबानं नुसती मान हलवली. कागद वर गेला, म्हणजे कागद नाही. कागद नाही, म्हणजे गाडी उद्या सकाळच्या धान्याला जोडायची. मारुती दारात उभा होता, खांद्यावर साखळीचा हूक.

धाकूनं बायजाकडं बघायचं टाळलं. तिकडं बघितलं असतं तर तो बोलूच शकला नसता. "बाबू," तो म्हणाला, "विचारू नका. कागद एक, नंबर एक. दोगांना पन काडा."

"अरे शहाणा आहेस का? चौकी जाईल, पोटाचं काय करशील? एका हातानं मीठ ओढणार आहेस?"

"बगू. पन तिला आज काडा. आजच. माज्या डोल्यांदेखत."

बायजा माउलीनं त्याला अडवलं नाही हो. बाबूनं दोन वह्या काढल्या, एक माणसांची, एक गाड्यांची. दोन्हींत एकाच आकड्यापुढं तांबड्या शाईनं रेघ ओढली. बाहेर हातोडीसाहेबानं घण मागवला, स्वतःच्या हातानं सत्तावीसशे सोळाची ती ओतीव पाटी फोडली आणि तिच्या चारही चाकांपुढं रूळ उखडायला लावले. धाकू खिडकीशी उभं राहून ते सगळं बघत होता. शेवंती ओसरीच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडत होती. रघु गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

काढल्याच्या कागदावर खूण पाहिजे होती. बाबूनं सवयीनं विचारलं, "निशाणी नांगर ना?" आणि लेखणी टेकवली.

"थांबा," धाकू म्हणाला. त्यानं डाव्या हातानं लेखणी घेतली. आयुष्यात त्या हातानं काही लिहिलं नव्हतं. जीभ दातांत धरून, शाईचे ठिपके पाडत, त्यानं आधी बगळा काढला, मग विळा, मग काठी. मडकं जरा वाकडं आलं.

"हे काय?" बाबूनं विचारलं.

"माजा नंबर," धाकू म्हणाला.